तंजावरच्या टूरमध्ये नसलेली भिंत

आजचा भाग तंजावरचा.

चेन्नईहून रात्रीच्या ट्रेनने पोचलो आणि स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी अर्ध्या दिवसाचं ठरवलं. मोठं देऊळ, राजवाडा, सरस्वती महाल. बहुतेकांची फेरी अशीच असते. देवळाच्या दाराशी गाइड केला. माणूस जाणकार होता. राजराज चोळाचं १०१० मध्ये पूर्ण झालेलं मंदिर, साठ मीटरहून उंच विमान, नंतर नायकांनी घडवलेला नंदी, सगळं नीट सांगितलं. मग हिंदीत म्हणाले, "सर, या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही." आम्ही उभे होतो सावलीतच! मी गप्प बसलो.

शेवटी विचारलं, "अण्णा, तो मराठी शिलालेख कुठेय?"

"तो कोणी बघत नाही," म्हणाले, पण घेऊन गेले. आवाराच्या नैऋत्येला, ओवरीच्या भिंतीवर. देवनागरी अक्षरं, ओळींवर ओळी. भोसले घराण्याचा अख्खा इतिहास. मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज, तंजावर घेणारे त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, ते थेट सरफोजी दुसरे यांच्यापर्यंत.

आता तारीख बघा. लेख १८०३ चा. सरफोजी गादीवर आले १७९८ मध्ये आणि पुढच्याच वर्षी तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि तैनात. म्हणजे राज्य गेल्यावर चारच वर्षांत हा माणूस घराण्याचा इतिहास दगडात कोरून घेतोय, तोही आठशे वर्षं जुन्या चोळांच्या देवळात. आमच्या भाषेत, प्रोजेक्ट हातातून गेल्यावर डॉक्युमेंटेशन. मला तरी तो लेख बढाईचा वाटत नाही. वारसाहक्काचा कागद वाटतो, फक्त फाडता न येणारा. १८५५ मध्ये पुढचे राजे पुत्राविना वारले आणि उरलेलं राज्यही कंपनीने खालसा केलं. भिंत राहिली.

(सांबाराची आणि संभाजीराजांची गोष्ट ऐकवा असे मेसेज आलेत. आज नको, तिला पुरावा फार पातळ आहे.)

तर तंजावरला गाइड जरूर करा, पण आधीच सांगा, मराठी लेख बघायचाय. आणि तासभर जास्तीचा ठेवा. मला दोन ओळी लावायलाच दहा मिनिटं लागली. गाइड शेजारी थांबले होते. हळूच म्हणाले, "सर, काय लिहिलंय?"

मग मी अडखळत मोठ्याने वाचायला लागलो.