मतलब प्रकल्प (बांगलादेश)
स्त्रियांचे अर्थार्जन आणि दोन बाळंतपणांतील अंतर यांच्या अभ्यासात वारंवार दाखला दिला जाणारा प्रयोग. चांदपूर जिल्ह्यातील मतलब या नदीकाठच्या ग्रामीण भागात जन्म-मृत्यूंची नियमित नोंद 1966 पासून होत होती. 1977 मध्ये तेथील सुमारे निम्म्या गावांत घरपोच कुटुंबनियोजन सेवा सुरू झाली. उरलेल्या गावांत नेहमीचीच सरकारी व्यवस्था राहिली. पडद्यामुळे बायकांना दवाखाना गाठणे अवघड, म्हणून स्थानिक, शिकलेल्या विवाहित कार्यकर्त्या पंधरवड्याला दारी येत. गोळ्या, निरोध, इंजेक्शन यांतून निवड बाईची. (पगारी नोकरी करणारी गावातलीच स्त्री दारात दिसणे, हाही एक परिणामच मानायला हवा.)

पाळणा लांबला आणि मुलांची संख्याही कमी झाली. 1996 च्या पाहणीत सेवा मिळालेल्या गावांतील स्त्रियांचे वजन व आरोग्य सरस आढळले. कमाईतील वाढ मात्र मुख्यतः शिकलेल्या स्त्रियांत दिसली. एरवी आधी कमाई की आधी अंतर, हा गुंता सुटत नाही. येथे साधने आधी पोहोचली, त्यामुळे निदान एका दिशेचा पुरावा भक्कम आहे. मिळवत्या स्त्रीच्या शब्दाला घरात वजन येऊन पाळणा लांबतो का, याचे उत्तर मतलब देत नाही.