टिमथीचे आठ दिवस

१/ सन १७८४ चा मे महिना. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातील सेलबॉर्न या खेड्यात एका बागेचे छोटे फाटक उघडे राहिले आणि टिमथी नावाचे पाळीव कासव नाहीसे झाले. एका कासवाच्या पलायनाची नोंद इतिहासाने ठेवावी, यात नवल वाटेल. परंतु ज्या घरातून ते निसटले, त्या घरात घडलेली कोणतीही गोष्ट नोंदीवाचून राहत नसे.

२/ हे घर गिल्बर्ट व्हाइट यांचे. जन्म १७२०, व्यवसायाने धर्मोपदेशक, अविवाहित. आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी याच गावात घालवला. कोणता पक्षी कोणत्या दिवशी आला, पाऊस किती पडला, कोणते फूल केव्हा उमलले, याची टिपणे ते वर्षानुवर्षे करीत राहिले. टॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोन अभ्यासकांना लिहिलेल्या पत्रांतून त्यांचा ‘नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबॉर्न’ हा ग्रंथ १७८९ मध्ये सिद्ध झाला.

३/ टिमथी मूळचे या घरातले नव्हते. भूमध्य समुद्राच्या आसपासच्या प्रदेशातील ही जमिनीवरची कासवे त्या काळी खलाशांबरोबर इंग्लंडच्या बंदरांत येत. १७४० च्या सुमारास चिचेस्टर येथे एका खलाशाकडून हे कासव अर्ध्या क्राउनला, म्हणजे अडीच शिलिंगांना, विकत घेतले गेले. ससेक्समधील रिंगमर गावी स्नूक दांपत्याच्या बागेत ते राहू लागले. रिबेका स्नूक या व्हाइट यांच्या आत्या.

४/ आत्याकडे मुक्कामाला गेले की व्हाइट या कासवाचे निरीक्षण करीत. पाऊस येण्याची चिन्हे दिसताच ते आडोशाला पळे. अंगावर चिलखतासारखे कवच, आणि भीती मात्र चार थेंबांची! तीस वर्षांहून अधिक काळ ज्या बाईंनी त्याला खाऊ घातले, त्या दिसताच ते लगबगीने त्यांच्याकडे जाई. परक्या माणसाकडे ढुंकूनही पाहत नसे. म्हणजे त्याला ओळख होती, आणि तीही माणसागणिक निराळी.

५/ नोव्हेंबर १७७१ मध्ये ते हिवाळी झोपेसाठी स्वतःचा खड्डा खणताना व्हाइट यांनी पाहिले. पुढच्या पायांनी माती उकरायची आणि मागच्या पायांनी पाठीमागे लोटायची. ही हालचाल इतकी संथ होती की व्हाइट यांना घड्याळाचा तासकाटा आठवला. दिवसरात्र चाललेले हे काम पंधरवडा होत आला तरी पुरे झाले नव्हते.

६/ मार्च १७८० मध्ये आत्याचे निधन झाले आणि कासवाचा वारसा व्हाइट यांच्याकडे आला. झोपेत असलेल्या टिमथीला त्यांनी जमिनीतून उकरून काढले, तेव्हा ते रागाने फुसकारले. मातीने भरलेल्या पेटीत ठेवून घोडागाडीने त्याला ८० मैल दूर सेलबॉर्नला आणण्यात आले. प्रवासाच्या धक्क्यांनी ते इतके जागे झाले की बागेत सोडताच त्याने तळापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. संध्याकाळी थंडी वाढली, तेव्हा मऊ मातीत शिरून पुन्हा दिसेनासे झाले.

७/ आता अभ्यासाचा विषय दारातच आला होता. टिमथीला तराजूत घालून वजन केले जाई. ते सुमारे ३ किलो भरे. पोहते का हे पाहण्यासाठी त्याला पाण्याच्या टबात सोडले, तर ते हळूहळू बुडाले आणि तळावरून चालू लागले. ऐकू येते का हे पाहण्यासाठी कर्ण्यातून मोठ्याने हाका मारल्या. टिमथीने लक्ष दिल्याचे काही दिसले नाही.

८/ एवढ्या जवळून पाहूनही व्हाइट यांचे या जीवाविषयीचे मत फारसे चांगले नव्हते. जे प्राणी आपल्या आयुष्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग निरानंद गुंगीत घालवतात, त्यांना विधात्याने इतके दीर्घायुष्य का द्यावे, असा प्रश्न त्यांनी १७८० च्या पत्रात उपस्थित केला. या आयुष्याचा उपभोग घेणारे कोणी आत आहे, असे त्यांना तोवर जाणवले नव्हते.

९/ १७८३ चे वर्ष सर्व युरोपला विलक्षण गेले. जूनमध्ये आइसलँडमधील लाकी येथील ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यानंतर कित्येक आठवडे इंग्लंडवर विचित्र धुके पसरून होते. व्हाइट यांनीही त्या उन्हाळ्याचे भयसूचक वर्णन करून ठेवले आहे. पाठोपाठ आलेला हिवाळा अतिशय कडक आणि लांबलेला होता. तो संपवून टिमथी जमिनीबाहेर आले, आणि मे महिन्यात बागेचे फाटक त्याला उघडे सापडले.

१०/ हे पलायन अपघाती नव्हते. उन्हाळ्याच्या आरंभी टिमथीचा स्वभावच पालटे. एरवी उशिरा उठणारे हे कासव पहाटे पाचला हिंडू लागे, पाय ताणून चाले आणि कुंपणातील प्रत्येक फट, प्रत्येक फाटक तपासून पाही. माळ्याची नजर चुकवून ते दूरच्या एखाद्या शेतात जाऊन पोहोचल्याचे प्रसंग अनेकदा घडले. परंतु १७८४ मधील अनुपस्थिती लांबली. एक आठवडा उलटला तरी त्याचा पत्ता नव्हता.

११/ टिमथीची जबाबदारी थॉमस होर यांच्याकडे होती. हे व्हाइट यांचे नोकर आणि माळी. सुमारे चार दशके त्यांनी या घरी काढली. मालक गावाला गेले की पावसाची नोंदही थॉमसच ठेवीत. त्या ग्रंथामागे व्हाइट यांच्या लेखणीइतकेच थॉमस यांचे हातही होते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कासव हरवले, तेव्हा सर्वांत अधिक व्याकूळ झाले तेही थॉमसच.

१२/ हरवलेले कुत्रे हाकेला ओ देते, गुरांच्या गळ्यातील घंटा वाजते. कासव यांपैकी काहीच करीत नाही. मे महिन्यात इंग्लंडमधील गवत उंच झालेले असते आणि टिमथीचे कवच मातीच्याच रंगाचे. जवळून पाऊल पडले तर ते पुढे येण्याऐवजी मान आत घेऊन निश्चल होते. अशा प्राण्याला हाक मारून उपयोग नाही. पीक वाकवून, बांध धुंडाळून, ऊन पडेल त्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन पाहणे एवढाच मार्ग उरतो.

१३/ मुदतही होती. थोड्याच दिवसांत गवताची कापणी सुरू होणार होती, आणि विळ्याच्या लांब पात्याला गवतातले कासव दिसत नाही. गाडीवाटेवर चाकांचे भय होते. यातून ते वाचले असते, तरी पुढे हिवाळा होता. उबदार देशातील या प्राण्याला पाणथळ जमिनीत चुकीच्या जागी झोप लागली असती, तर वसंतात ते उठलेच असते असे नाही.

१४/ टिमथी अखेर सापडले. व्हाइट यांच्या रोजनिशीत या प्रकरणाला दोन-तीन वाक्यांपलीकडे जागा नाही. कासव आठवड्याहून अधिक काळ बेपत्ता आहे, ते फाटकातून बाहेर पडले असावे आणि शेतांतील गवतात असावे, असा तर्क तेथे आहे. त्यानंतर ते एका लहानशा बीन्सच्या शेतात सापडल्याची नोंद येते. हर्ष नाही, आश्चर्य नाही. वाऱ्याची दिशा लिहावी तशी ही हकिकत लिहिली गेली.

१५/ मात्र हा विषय तेथे संपला नाही. व्हाइट यांचे जिवलग मित्र जॉन मुल्सो यांच्या कन्या हेकी यांनी टिमथीला उद्देशून काही ओळी रचल्या होत्या. त्यांना ३१ ऑगस्ट १७८४ रोजी उत्तर गेले, आणि ते लिहिणारे होते खुद्द टिमथी! भिंतीलगतच्या वाफ्यातून पाठवलेल्या या विनोदी पत्रात व्हाइट यांनी कासवाला आपले चरित्र सांगायला लावले आहे.

१६/ रोजनिशीत नसलेले सारे या पत्रात आहे. बागेच्या उंचवट्यावरून दिसणाऱ्या टेकडीवर आणि कुरणात आपल्यासारखी कासवे असतील, अशी टिमथीची कल्पना. म्हणून एका उन्हाच्या सकाळी थॉमसची नजर चुकवून ते प्रथम सेनफॉइन नावाच्या फुललेल्या चाऱ्याच्या पिकात शिरले आणि तेथून बीन्समध्ये. आठ दिवस ते हिंडले. सोबत कोठेच मिळाली नाही. भूक लागली, घर आठवले, तेव्हा ते आपण होऊन शोकाकुल थॉमसपुढे हजर झाले.

१७/ पत्रात तक्रारीही आहेत. तराजूत घातल्याची, पाण्यात बुडवल्याची. परंतु सर्वांत बोचरी तक्रार बुद्धीच्या अवहेलनेची आहे. बागेच्या कडेला एक खोल चर होता. टिमथी एखाद्या दिवशी त्यात पडेल, असे मालकांना वाटे. खोल कडा आणि सपाट जमीन यांतील फरक आपल्याला मालकांइतकाच कळतो, असे कासव ठणकावून सांगते. थट्टेच्या आडून येथे व्हाइट स्वतःच्याच १७८० मधील मताला उत्तर देत आहेत.

१८/ हा बदल थट्टेपुरता राहिला नाही. आपल्या ग्रंथात त्यांनी टिमथीविषयी पुरवणी टिपण जोडले. सरपटणारा क्षुद्र जीव म्हणून आपण त्याची योग्यता कमी लेखतो, असे मत त्यांनी तेथे मांडले आणि कडा ओळखून थांबण्याची त्याची सावधगिरी आवर्जून नोंदवली. कुंपणाशी चालणाऱ्या धडपडीमागे जोडीदाराची ओढ असावी, असा निष्कर्षही काढला. गुंगीतल्या जीवाला आता इच्छा होती.

१९/ २६ जून १७९३ रोजी व्हाइट वारले. पुढच्या वसंतात टिमथीही मरण पावले. इंग्लंडमध्ये त्याने पाच दशकांहून अधिक काळ काढला. या काळात स्वजातीचे दुसरे कासव त्याच्या सहवासात असल्याची नोंद नाही. त्याचे कवच जपून ठेवण्यात आले आणि आज ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

२०/ आणि या कवचानेच व्हाइट यांची एक चूक उघड केली. नर कासवाच्या पोटाकडील कवचाला खोलगट बाक असतो, मादीचे कवच सपाट असते. टिमथी मादी होते! मराठीत कासव हा शब्द नपुंसकलिंगी असल्याने ही हकिकत येथवर ‘ते’ या सर्वनामावर निभावली. व्हाइट यांच्या लेखनात मात्र आरंभीचे निर्जीवाला शोभणारे सर्वनाम पुढे पुल्लिंगी झाले. आपुलकी वाढली, तीही चुकीच्या लिंगाने.

२१/ त्यामुळे पलायनाचा अर्थही पुन्हा तपासावा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर कासवाच्या माद्या अंडी घालण्यासाठी उबदार, मोकळी जमीन शोधत अस्वस्थपणे हिंडतात. नराची भेट झाली नसली तरी माद्या निष्फळ अंडी घालू शकतात. पहाटेची ती येरझार आणि फटी तपासणारी ती नजर प्रियकराचीच असेल असे नाही. ती घरटे शोधणाऱ्या मादीचीही असू शकेल.

२२/ अशी चूक पुढेही झाली. १८५४ मध्ये एका पोर्तुगीज जहाजावर इंग्रज आरमाराला सापडलेले दुसरे एक ‘टिमथी’ एचएमएस क्वीन या युद्धनौकेवर क्रिमियाच्या युद्धात होते. नंतर ते डेव्हनमधील पाउडरहॅम किल्ल्यात राहिले. तेही मादी असल्याचे १९२६ मध्ये, जोडी जमवण्याच्या खटपटीत, ध्यानात आले. या टिमथीचा मृत्यू २००४ मध्ये झाला.

२३/ व्हाइट यांचा निष्कर्ष चुकला असेल, पण नोंद चुकली नाही. पहाटेचे पाच, उन्हाळ्याचा आरंभ, कुंपणाची प्रत्येक फट: हे तपशील त्यांनी आपल्या कल्पनेला सोयीचे करून लिहिले नाहीत. म्हणूनच दोन शतकांनंतरही त्याच तपशिलांवरून वेगळा अर्थ लावता येतो. निरीक्षकाचे मोठेपण यातच असते.

२४/ थॉमस होर यांनी कोणताही ग्रंथ लिहिला नाही. पण १७८४ च्या त्या आठ दिवसांत एका मुक्या, संथ, अडीच शिलिंगांच्या जीवासाठी कोणी तरी हळहळत होते. टिमथीला हवे होते ते बीन्सच्या शेतात नव्हते, आणि परत आणलेल्या बागेतही नव्हते. बागेत फक्त त्याची वाट पाहणारे एक माणूस होते. (समाप्त)