मुष्टियुद्धाकडून जलतरणाकडे

१९७२ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील हायडलबर्ग नगरीत अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. तेथे पन्नास मीटर मुक्त शैलीच्या जलतरणात एका मराठी जवानाने ३७.३३ सेकंदांत अंतर कापून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. त्याच महिन्याच्या अखेरीस म्युनिकला ऑलिंपिक सुरू झाले. तेथील हॉकीचे कांस्यपदक देशाने ध्यानात ठेवले. मुरलीकांत पेटकर हे नाव मात्र फार थोड्यांच्या कानी गेले. म्हणून हा इतिहास सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पेटकर सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. या परिसरात कुस्ती म्हणजे गावाचा अभिमान, आणि पेटकरांनाही बालपणी तिचीच ओढ होती. सैन्यात दाखल झाल्यावर ते मुष्टियुद्धाकडे वळले व त्यात त्यांनी नाव कमावले. परंतु १९६५ च्या भारत-पाक युद्धात सियालकोट आघाडीवर शत्रूच्या विमानातून झालेल्या गोळीबारात ते जबर जखमी झाले. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. ज्या खेळात पायांच्या चपळाईवाचून एक क्षणही उभे राहता येत नाही, तो खेळ कायमचा सुटला.

मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार चालू असता त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. हेतू स्पर्धेचा नव्हता, उपचाराचा होता. पाणी देहाचा भार स्वतः पेलते. जमिनीवर ओझे ठरलेले पाय तेथे तरंगतात आणि पुढे जाण्याचे काम खांदे व बाहू करतात. मुष्टियुद्धाने घडविलेले बाहू येथे कामी आले. जुना खेळ सुटला, पण त्याची कमाई वाया गेली नाही. १९६८ साली तेल अवीव येथील स्पर्धांत ते टेबल टेनिसही खेळले. पुढे जलतरणातच त्यांना आपली खरी वाट सापडली.

या वाटेचा पाया त्यापूर्वीच घातला गेला होता. नाझी राजवटीतून निसटून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून स्टोक मँडव्हिल रुग्णालयात कण्याला इजा झालेल्या सैनिकांची शुश्रूषा आरंभिली. अशा रुग्णांना अंथरुणावर निजवून अंताची वाट पाहावी, असाच तोवरचा परिपाठ होता. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग त्यांचा बळी घेई. गुटमन यांनी त्यांना ठरावीक वेळाने कुशीवर वळविण्याचा दंडक घातला, कामाला लावले आणि खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी सोळा रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. १९६० साली हा मेळा रोमला पोहोचला. तेथे पोप तेविसावे जॉन यांनी चाकांच्या खुर्चीतील खेळाडूंना भेट दिली आणि पक्षाघातग्रस्तांचे कुबेर्तँ म्हणून गुटमन यांचा गौरव केला. आधुनिक ऑलिंपिकच्या जनकाशी केलेली ही तुलना यथार्थच होती.

पेटकरांना मान्यता मिळण्यास मात्र फार काळ लोटला. पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे सुवर्णपदकानंतर ४६ वर्षांनी. त्यांच्या जीवनावर २०२४ मध्ये हिंदी चित्रपट निघाला आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार प्राप्त झाला.

या इतिहासात आम्हांस एक गोष्ट विशेष मोलाची वाटते. पेटकरांना पाण्याची वाट कोणीतरी दाखवावी लागली. जिद्द त्यांची होती, पण तिला वाव देणारे हात डॉक्टरांचे, परिचारिकांचे व सोबत्यांचे होते. आपल्या धर्मग्रामांतही अपघाताने वा आजाराने खाटेला खिळलेली माणसे आहेत. त्यांना आपण फळे नेतो, धीराचे चार शब्द बोलतो आणि परततो. आता यांच्याच्याने काय व्हायचे, असे मनोमन ठरवूनच आपण उठतो. काय गेले ते त्यांना ठाऊकच असते. काय उरले आहे आणि त्यातून काय घडविता येईल, हे त्यांच्याशेजारी बसून शोधणे हे खरे सेवाकार्य होय. सज्जन वाचकहो, पुढील भेटीत एवढे तरी करून पाहावे.