आज आमचे पापड, उद्या तुमचे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतेय. हेडफोन विसरून लोकलमध्ये चढलेल्यांसाठी सुद्धा!

सुरुवात एका भांडणापासून करते. आम्ही पाच मैत्रिणी, सगळ्या नोकरीवाल्या. ठरवलं की महिन्यातून एका रविवारी एकत्र जमायचं आणि डबेच्या डबे स्वयंपाक करून फ्रीजरमध्ये टाकायचा. राजमा, छोले, कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही, अर्धवट भाजलेले पराठे. पहिला रविवार झकास गेला. गाणी, गप्पा आणि प्रत्येकीच्या पिशवीत बारा डबे. दुसऱ्या महिन्यात आमच्यातली एक म्हणाली, "मी नाही येणार." का? तर यादी तिने केली, बाजार तिने केला, भांडी तिची, गॅस तिचा, आणि आम्ही गेल्यावर ओटासुद्धा तिनेच पुसला. डबे मात्र सगळ्यांना सारखे.

ती चिडली ते बरोबरच होतं. पण मला प्रश्न पडला, की लोक पूर्वी हे कसं जमवायचे? कारण पुढच्या दिवसांसाठी एकत्र बसून अन्न करून ठेवणं ही काही आमची आयडिया नाही. ती फ्रीजरपेक्षा कितीतरी जुनी आहे.

आपल्याकडे तिचं नाव वाळवण. चैत्र-वैशाखाचं कडक ऊन हाच आपला फ्रीजर. दोन्हीचं काम एकच, जंतूंना लागणारं पाणी काढून घेणं. ऊन ते उडवून लावतं, फ्रीजर त्याचा बर्फ करतो. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, तो शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. हे एका बाईचं काम नव्हेच. चीक घोटायला एक, सोऱ्या दाबायला दुसरी, गच्चीवर पसरायला तिसरी, आणि कावळे हाकायला पोरं. पोरांची मजुरी म्हणजे वाटीभर गरम चीक, नाहीतर तेलात बुडवलेली पापडाची लाटी.

आणि हिशेब? तो वहीत नव्हता, पण पक्का होता. आज आमचे पापड, उद्या तुमचे. आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन बायका एकमेकींकडे जायच्या. जिच्या घरचे पापड, तिचा चहा. जी आज आली नाही, तिच्याकडे उद्या कोण जाणार? म्हणजे मदत होती, पण ती उधारी होती आणि फेडावी लागायची. आमच्या रविवारात नेमकं हेच नव्हतं.

आता फ्रीजरकडे येऊ. शाळेत शिकवतात तशी ही एका माणसाची गोष्ट आहे. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा अमेरिकन १९१२ च्या सुमारास कॅनडाच्या लॅब्राडोर भागात गेला. तिथे त्याने पाहिलं, की इन्युइट लोकांनी बर्फाळ वाऱ्यात ठेवलेला मासा क्षणात गोठतो आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो. मर्म वेगात होतं. पदार्थ झटकन गोठला तर बर्फाचे कण बारीक राहतात. हळूहळू गोठला तर मोठे होतात आणि पेशी फाडतात. म्हणूनच आपल्या घरच्या फ्रीजरमधली बटाट्याची भाजी बाहेर काढल्यावर स्पंजासारखी लागते. (अनुभवाचे बोल. बटाटा नंतर घाला.) बर्ड्सआयने ही युक्ती यंत्रात उतरवली, १९२९ मध्ये त्याची कंपनी २ कोटी २० लाख डॉलरना विकली गेली, आणि ६ मार्च १९३० ला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात गोठवलेलं अन्न पहिल्यांदा दुकानात विकायला आलं. ज्यांच्याकडून तो शिकला, त्या लोकांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हा प्रश्न इथेही उरतोच.

पण घराघरांत फ्रीजर यायला पुढे बरीच वर्षं लागली. मधल्या काळात अमेरिकेतल्या गावांमध्ये लॉकर प्लांट असायचे. गावासाठी एक मोठं शीतघर, आणि त्यात प्रत्येक कुटुंबाचा भाड्याचा, कुलूपवाला खण. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली, डबाबंद अन्नावर रेशन आलं, तेव्हा शाळांमध्ये आणि गावच्या सभागृहांत भाज्या टिकवायची सामुदायिक केंद्रं उघडली. मोठे प्रेशर कॅनर प्रत्येक घराला परवडणारे नव्हते आणि मिळतही नव्हते. मग बायका परसातल्या शेंगा, टोमॅटो घेऊन तिथे यायच्या आणि एकाच कॅनरवर सगळ्यांच्या बरण्या व्हायच्या.

युद्ध संपलं, घरोघरी मोठे फ्रिज आले, आणि ही एकत्र बसायची गरजच संपली. १९५४ मध्ये स्वॉन्सन कंपनीचा टीव्ही डिनर देशभर विकायला लागला: ॲल्युमिनियमच्या ताटलीत टर्की, मटार, रताळं, सगळं तयार. काम वाचलं हे खरंच आहे, आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. पण यंत्र एकेकाच्या घरात शिरलं तशी माणसंही एकेकटी झाली. पुढे १९८० च्या दशकात महिन्याचा स्वयंपाक एकदाच उरकायला शिकवणारी पुस्तकं अमेरिकेत खपू लागली. त्यातही बहुतेक वेळा ओट्याशी उभी असलेली बाई एकटीच.

म्हणजे बघा, सामान सामायिक असलं की माणसं जमतात. गच्ची एक, ऊन एक, कॅनर एक. पण नुसतं जमल्याने न्याय होतो का? याचं उत्तर मला गिरगावात सापडलं.

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. हाच पुढचा लिज्जत पापड. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट पावसाळ्याची आहे. पहिल्या वर्षी पावसात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. झालं वाळवण! ऋतूवरचं अवलंबन एका खाटेने सोडवलं.

पण खरी कमाल नियमांची होती. इथे लाटणारी प्रत्येक बाई मालकीण. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तरी सगळ्यांचा. देणगी घ्यायची नाही. जी जितकं लाटेल, तितकी तिची मजुरी. पीठ केंद्रातून मिळतं, लाटणं आपल्या घरी, म्हणजे सगळा वेळ एकत्र बसणंही सक्तीचं नाही. आज अशा सुमारे ४५ हजार सभासद बहिणी आहेत. सुरुवात करणाऱ्यांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. हे काम वाळवणाचंच होतं, जे घरात फुकट धरलं जायचं. त्यांनी फक्त त्याचा हिशेब मांडला.

तर आमच्या भांडणाचं काय झालं? आम्ही एक साधी वही केली. बाजार, चिरणं, भांडी, गॅस, पुसणं, प्रत्येक कामाला तास. दर महिन्याला घर बदलायचं. पहिल्या रविवारचे तास लिहिले तेव्हा कळलं, की तिचे अकरा तास होते आणि माझे साडेचार. मी गप्पच बसले. मग तिला फोन केला आणि आधी सॉरी म्हटलं. पुढचा रविवार माझ्या घरी आहे. ती येणार आहे, फक्त पोळपाट घेऊन.

तुम्हीही असं काही करत असाल, तर दोन गोष्टी. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत थंड करून फ्रिजमध्ये टाका, मोठ्या पातेल्यात नको, लहान डब्यांत. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. आणि दुसरी गोष्ट, ओटा कोण पुसतंय ते बघा.

तुमच्या आजीच्या वाळवणाच्या आठवणी व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!