पैठणपासून दहा दिवस

भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात असे लिहिले आहे. लिहिणारा इजिप्तकडून येणारा व्यापारी होता. त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. तगरहून जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांत भरून आडरानातून भडोच बंदरावर येते, अशीही त्याची नोंद आहे. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेरणाकाठचे तेर, असे पुराभिलेखांचा अभ्यासक फ्लीट याने 1901 मध्ये दाखवून दिले. त्याआधी देवगिरी, जुन्नर, कोल्हापूर, धारूर अशी अनेक नावे पुढे आली होती. माझ्या मते या वादाचा निकाल त्या दिवसांच्या हिशेबातच आहे.

भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण 350 किलोमीटर. वीस दिवसांनी भागले तर रोजची मजल साडेसतरा किलोमीटर. पैठण ते तेर साधारण 150; दहा दिवसांनी भागले तर पंधरा. भरलेल्या बैलगाडीची चाल ही अशीच असते. आता हाच हिशेब इतरांना लावून पाहावा. धारूर पैठणपासून जेमतेम 105 किलोमीटर. तिथे पोचायला बैलांना दहा दिवस कशाला लागतील? कोल्हापूर 330 किलोमीटर. तिथे दहा दिवसांत पोचायचे तर मजल दुपटीने वाढवावी लागेल. देवगिरी तर पन्नाससाठ किलोमीटरवर, तेही उत्तरेला.

यावर आक्षेप येतो तो दिशेचा. तेर पैठणच्या पूर्वेला नसून आग्नेयेला आहे, दक्षिणेकडे बरेच झुकलेले. आक्षेप खरा आहे. पण पैठणही भडोचच्या आग्नेयेलाच आहे, आणि ग्रंथात त्याला दक्षिण म्हटले आहे. तेवढ्यावरून पैठणची ओळख कुणी नाकारत नाही. बंदरावर बसून ऐकलेल्या माहितीत दिशा ढोबळच असणार. किती दिवस लागतात हे मात्र गाडीवानाला नेमके ठाऊक असते, कारण त्याचा दाणावैरणीचा खर्च त्यावरच ठरतो. जुन्नरचे अंतर जुळते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण जुन्नर पैठणच्या पश्चिमेला आहे, आणि पूर्वेची पश्चिम होण्याइतका ढोबळपणा मानता येत नाही.

नुसता भागाकार पुरेसा नाही, असे कुणी म्हणेल. मग नाव पाहावे. ‘नगर’मधला ग गळून ‘नयर’ आणि पुढे जामनेर, अमळनेरमधले ‘नेर’ झाले. त्याच वाटेने तगरचे तयर आणि तेर होते. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, म्हणजे या नगराची थोरवी शतकानुशतके टिकून होती. शिवाय जमीनही साक्ष देते: तेरचे विटांचे त्रिविक्रम मंदिर, पांढरीच्या टेकाडांतून निघालेली सातवाहनकालीन नाणी आणि मणी, आणि पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती. धारूरला किल्ला आहे, पण असा पुरावा नाही.

भडोच ते तेर हा पल्ला आज विमानाला तासाभराचा. त्या काळी तो महिन्याचा होता, तरीही तेरचे कापड समुद्रापर्यंत पोचत होते. संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला तेरला जाणाऱ्यांनी गावातल्या लामतुरे संग्रहालयातही जरूर जावे. ती हस्तिदंती मूर्ती याच गावच्या मातीतून निघाली आहे.