थापटण्याचं कूळ

पौडहून मुळशी धरणाकडे जाताना उन्हाळ्यात रस्त्याकडेला माठ मांडलेले दिसतात. त्यातला एखादा उचलून त्याचा तळ पाहावा. तळ गोल असतो, म्हणून तर घरी खाली तिवई लागते. चाकावरून उतरलेल्या भांड्याचा तळ खरं तर सपाट असतो. माठाला ही गोलाई देतं ते थापटणं, म्हणजे मूठ असलेली लाकडी फळी.

कुंभार चाकावर माठाचं तोंड, मान आणि खांदा पुरा करतो, खालचं अंग मात्र जाड आणि बुटकं ठेवतो. माती अर्धवट सुकली की मडकं मांडीशी घेतो. डावा हात आत, त्यात दगडाचा किंवा भाजक्या मातीचा गोटा. बाहेरून थापटणं नेमकं त्या गोट्यासमोर पडतं. दोहोंमध्ये माती चेपते, पसरते, आणि मडकं फुगत फुगत तळाशी मिटतं. माती चिकटू नये म्हणून राख भुरभुरवतात. आतला हात डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे भिंत किती उरली हे बोटांना आणि कानांनाच कळतं.

हे हत्यार महाराष्ट्राच्या मनात किती खोल रुजलं आहे, ते तेरच्या गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, आख्यायिकेत दिसतं. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. ही कथा रचणाऱ्याने कुंभाराचं अंगण जवळून पाहिलेलं असणार, असं मला वाटतं. थापटणं पडतं ते भाजण्याआधीच्या मडक्यावर. आव्यातून, म्हणजे कुंभाराच्या भट्टीतून, निघालेल्या पक्क्या मडक्यावर ते कुणी चालवत नाही, ते बोटाने वाजवून पाहतात.

पुणे जिल्ह्यातली कुंभारकला गोरोबांपेक्षा फार जुनी. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे निघाली, आणि भांडी भाजायची गोल भट्टीही. तिथली जोर्वे पद्धतीची भांडी चाकावरची, तांबूस अंगावर काळी नक्षी असलेली आणि इतकी छान भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात.

थापटण्याची ही रीत जपानमध्येही भेटते, म्हणून आता थोडं लांब जाऊ. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आहे. त्याच ओकायामा प्रांतात बिझेनची भांडी होतात. इंबे हे त्यांचं जुनं गाव, तिथे संग्रहालय आणि कुंभारांच्या कार्यशाळा आहेत. बिझेनचं मूळ पाचव्या शतकात कोरियातून आलेल्या सुए भांड्यांत सापडतं. सुएचे मोठे घडे मातीच्या वळ्या एकावर एक रचून उभे करत आणि मग आत गोटा धरून बाहेरून फळीने थापटत. तिथल्या गोट्यावर वर्तुळं कोरलेली असत, त्यामुळे घड्याच्या आतल्या अंगावर लाटांसारखे ठसे उमटत. हे हत्यार आपल्याकडून तिकडे गेलं असं मी म्हणणार नाही. मोठं, पातळ, तरीही घट्ट भांडं हवं असेल तर मातीला दोन्ही बाजूंनी दाबावंच लागतं, आणि आशियाभर कुंभारांना हेच सुचलं.

वाटा फुटतात त्या आगीपाशी. बिझेनची भट्टी लाल पाइनच्या लाकडावर दहा-बारा दिवस धगधगते आणि बाराशे अंशांपलीकडे जाते. माती दगडासारखी होते, झिलई न देताही पाणी पाझरत नाही. आपला आवा गोवऱ्या, पाचट, भुसा यांवर पेटतो आणि त्याहून कितीतरी कमी तापतो. याला मागासलेपण म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. माठाने पाझरलंच पाहिजे, कारण बाहेर आलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. बाराशे अंशांत भाजलेला माठ पाणी गार करणार नाही. हवा दमट झाली की ही करामत मंदावते, म्हणून ताम्हिणी घाटात पाऊस कोसळू लागला की माठाची गरजही सरते, आणि मडकी वाळत नाहीत म्हणून कुंभाराचं कामही अडतं.

घडणीची खूण भांड्याच्या आतल्या अंगावर राहते; संग्रहालयांत मात्र खापराची नक्षीदार बाजू वर ठेवतात. माझी मागणी एवढीच आहे की शेजारी एक खापर उलटं ठेवावं आणि त्याच्याजवळ एक थापटणं व एक गोटा. आतल्या अंगावरचे बोटांचे आणि गोट्याचे खळगे मुलांना दिसतील, आणि कुंभाराचा डावा हात कुठे होता हे त्यांना विचारता येईल.