समुद्र, मोसम आणि दुष्काळ : बेळगाव-निपाणी परिसराच्या इतिहासातील एक दुर्लक्षित धागा

प्रस्तावना

१८७६-७८ चा दुष्काळ का पडला, असा प्रश्न इतिहासाच्या वर्गात विचारला की "पाऊस पडला नाही म्हणून" असे एका ओळीचे उत्तर मिळते. उत्तर चुकीचे नाही. पण अपुरे आहे. पाऊस का पडला नाही आणि पाऊस न पडल्याने माणसे का मेली, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बरेचसे समुद्रात सापडते, तर दुसऱ्याचे समाजव्यवस्थेत आणि राज्यकारभारात. बेळगाव-निपाणी परिसर डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा विचार केला आहे.

आपल्या पावसाचे नावच समुद्रावरून आलेले आहे. 'मान्सून' या शब्दाचे मूळ अरबी 'मौसिम' हे होय. उर्दूतील 'मौसम' आणि मराठीतील 'मोसम' त्याच घराण्यातले. अरबी समुद्रावर ठराविक काळी दिशा बदलणाऱ्या वाऱ्यांवर खलाशांची रोजीरोटी अवलंबून होती. घाटावरच्या शेतकऱ्याचीही त्याच वाऱ्यांवर भिस्त आहे.

समुद्राचे तापणे आणि पावसाचे रुसणे

पेरू देशाच्या किनाऱ्यावरील कोळ्यांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार प्रवाहाला 'एल निनो', म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. एरवी पॅसिफिक महासागरावर पूर्वेकडून वाहणारे वारे कोमट पाणी इंडोनेशियाकडे लोटत असतात. साधारण दोन ते सात वर्षांच्या अंतराने हे वारे मंदावतात. मग कोमट पाणी पूर्वेकडे सरकते आणि ढग व पाऊसही त्याच्यामागे जातात. आपल्या बाजूला हवा खाली बसू लागते व मान्सून दुबळा पडतो.

हे कोडे उलगडण्यात भारतातील वेधशाळांचा वाटा मोठा आहे. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. १९०४ ते १९२४ या काळात वेधशाळांचे महासंचालक असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी पडताळून पाहिल्या. पॅसिफिकवरील हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराकडे तो उतरतो आणि उलटही घडते, असे त्यांना आढळले. या झोक्याला त्यांनी 'दक्षिणी आंदोलन' म्हटले. हा झोका आणि समुद्राचे तापणे ही एकाच घडामोडीची दोन अंगे आहेत, हे १९६९ मध्ये याकोब ब्येर्कनेस यांनी दाखवून दिले.

१८७६-७८ : एक समुद्र, अनेक दुष्काळ

१८७६ मध्ये दख्खनचा पाऊस फसला. पुढच्या वर्षीही पावसाने दीर्घ ओढ दिली. १८७७-७८ मध्ये पॅसिफिक विलक्षण तापला होता. त्याच काळात उत्तर चीनमध्ये आणि ब्राझीलच्या ईशान्य भागातही लाखो लोक भुकेने मेले. भारतातील बळींचा अंदाज पन्नास लाखांहून अधिक आहे. एल निनो शिखरावर पोहोचण्यापूर्वीच १८७६ चा पाऊस चुकला होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. सगळे खापर एकट्या पॅसिफिकवर फोडता येत नाही.

बेळगाव जिल्ह्यात घाटाजवळचा खानापूरचा पट्टा तुलनेने सावरला. तडाखा बसला तो पूर्वेकडील अथणी, गोकाक, परसगड या कोरड्या भागाला. जिल्ह्यात रेल्वे नव्हती. बाहेरचे धान्य यायचे तर किनाऱ्यावरच्या बंदरांतून बैलगाडीने घाट चढून; आणि बैलालाच चारा नाही अशी अवस्था होती. धान्य महागले की लोक प्रथम कपडा घेणे थांबवतात. म्हणून शेतमजुराबरोबरच विणकरही लगेच उघड्यावर पडला. त्याच्या घरात ना धान्याची कणगी, ना मागावरच्या मालाला गिऱ्हाईक!

अशा वेळी सरकारने काय केले? सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहाने जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरी घटवली गेली. प्रौढ पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि एक आणा. मुंबई इलाख्यात हजारो मजूर या दरावर कामे सोडून गेले. पुणे सार्वजनिक सभेने लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली. देशातून धान्याची निर्यात मात्र चालूच राहिली. १८८१ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ पेक्षा कमी भरली. पाऊस समुद्राने रोखला होता. मजुरी मात्र माणसांनी कापली होती.

धडा : घेतलेला आणि न घेतलेला

यानंतर १८८० चा दुष्काळ आयोग आणि दुष्काळ संहिता आली. दुष्काळात धान्य पोहोचावे या हेतूनेही सदर्न मराठा रेल्वे बांधली गेली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडले. निपाणीच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली व तगाई वाटली. 'तगाई'च्या मुळाशी बळ देणे असा अर्थ असलेला अरबी शब्द आहे. शेतकऱ्याला पुन्हा उभे राहण्यास बळ देणे, हाच तगाईचा हेतू.

१९७२ मध्ये पॅसिफिक पुन्हा तापला. पेरूची मासेमारी कोसळली. सीमेपलीकडे महाराष्ट्रात भीषण अवर्षण पडले. मे १९७३ मध्ये तिथे दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. हाल पुष्कळ झाले, पण १८७७ सारखे मृत्यूचे थैमान टळले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना याच अनुभवातून रुजली.

आजचे वास्तव

समुद्राचा हिशेब सरळ नाही. १९९७ चा एल निनो प्रचंड होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराच्या पश्चिम व पूर्व भागांतील तापमानाचा फरकही पावसावर परिणाम करतो, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. २०१९ मध्ये हा फरक फार मोठा होता. त्याच ऑगस्टमध्ये वेदगंगेच्या पुराने निपाणीजवळ यमगर्णी येथे पुणे-बेंगळूरू महामार्ग बंद पडला. तो पूर केवळ या फरकामुळे आला असे म्हणता येणार नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या आहेत.

२०२३ मध्ये एल निनो परतला. तो ऑगस्ट १९०१ नंतरचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कर्नाटकाने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. निपाणी भागात पाण्याअभावी तंबाखूचे पीक खुरटले तर नुकसान शेतकऱ्यापाशी थांबत नाही. वखारीतील मजुरापर्यंत पोहोचते. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारी विड्यांवर ठरते. काम कमी मिळाले की त्याच दिवशी चूल मंदावते.

समारोप

समुद्राचे तापणे थांबवणे कोणा एका गावाच्या हाती नाही. मात्र अवर्षणाचे दुष्काळात आणि दुष्काळाचे उपासमारीत रूपांतर होऊ न देणे माणसाच्या हाती आहे. मजुरी, धान्य आणि कर्ज वेळेवर मिळणे हाच त्याचा मार्ग, असे दीडशे वर्षांचा इतिहास सांगतो. म्हणून शिक्षक बंधू-भगिनींनी विद्यार्थ्यांना "पाऊस का पडला नाही?" यावर न थांबता "त्या वर्षी मजुरी किती होती?" हेही विचारायला शिकवावे. घरातील वृद्धांकडून बहात्तरच्या आठवणी आणि विडी कामगार महिलांकडून २०२३ चे अनुभव लिहून घ्यावेत. या नोंदी आज केल्या नाहीत, तर पुढच्या पिढीकडेही तेच एका ओळीचे उत्तर उरेल.